गेरूची रेघ

प्लॉट दाखवताना दलालानं वर पाहिलंच नाही.
"समोर कोणी बांधणार नाही, ताई.
जन्मभर हवा मोकळी."
खोटं नव्हतं ते.
समोर खरंच कोणी बांधलं नाही.
फक्त टॉवर आहे, चार पायांचा,
पायाशी बेशरमाची झुडपं
आणि वर सहा तारा,
कोराडीकडून येणाऱ्या. पुढे कुठे जातात
ते आम्हाला कोणी सांगितलं नाही.

भाव निम्मा होता.
उरलेला निम्मा कोणत्या हप्त्यानं फेडायचा
हे रजिस्ट्रीच्या कागदात लिहून येत नाही.

डिसेंबरात धुकं उतरलं
की तारा चरचरतात, तेलात मोहरी पडल्यासारख्या.
आधी झोप लागायची नाही.
आता उमरेडला माहेरी गेले
की तिथल्या शांततेनं जाग येते.

कपडे वाळत घालायची तार लोखंडाची होती.
ओल्या हातांना मुंग्या यायच्या.
हेडाऊ काकू म्हणाल्या, "शुगर असंल, तपासून घे."
तपासली. नव्हती.
मग नायलॉनची दोरी आणली, वीस रुपयांची,
आणि मुंग्या गेल्या.
एखादं उत्तर इतकं स्वस्तात मिळतं,
म्हणून बाकीच्यांची वाट पाहायची खोड लागते.

बाकीचे म्हणजे
धनपालचं डोकं दुखणं.
तिसऱ्या गल्लीतल्या गोंडाणे गुरुजींचं रक्त,
पांढऱ्या पेशी वाढत गेलेलं.
आणि माझं एक, चौथ्या महिन्यातलं,
ज्याचं नाव ठेवायचं राहिलं.
मेडिकलमधल्या डॉक्टरीणबाई
पेनाचं टोपण लावत म्हणाल्या,
"तारेमुळेच, असं म्हणता येत नाही.
तारेमुळे नाहीच, असंही मी लिहून देणार नाही."

मग एक पोरगा आला मीटर घेऊन.
घरभर फिरला,
पर्णिकाच्या उशीपाशी जरा थांबला, आकडा वाचला,
म्हणाला, "आता मिक्सर लावा."
मिक्सरपाशी आकडा उडाला.
"पाहा, तारेपेक्षा जास्त तर तुमची चटणीच देते."
मला हसू आलं.
संपलं एकदाचं, असं वाटलं.
पण भाऊ, चटणी दोन मिनिटांत होते,
झोप आठ तासांची असते,
हे मला तो जिना चढायला लागल्यावर सुचलं.

गच्चीवर त्यानं तारांकडे नाही पाहिलं.
आमच्या सळाखींकडे पाहिलं,
वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या,
गंजलेल्या, उभ्या.
आवाज बदलला त्याचा.
"जे मोजूनही दिसत नाही त्याला भिता,
अन् हे काहून नाही दिसत तुम्हाला?
तिला शिवावं लागत नाही, ताई.
जवळ गेलं की तीच उडी घेते.
पोरं पतंग उडवतात ना इथं?"

उडवतात.
संक्रांतीला पूर्ण लेआउट ओ काट, ओ काट करत असतो.
दोन वर्षांमागे मागच्या गल्लीतला लोकचंद
तारेला अडकलेली पतंग काढायला
पडद्याचा पाइप घेऊन चढला होता.
त्याची एक चप्पल त्याच्या गच्चीवर सापडली.
एक आमच्या अंगणात.
ती मी परत द्यायला गेले नाही.
अजून आहे, माळ्यावर, पिशवीत.

त्या रविवारी धनपालनं सळाख्या कापल्या.
भंगारवाल्यानं काट्यावर ठेवल्या,
सत्तेचाळीस किलो,
आणि दिराच्या लग्नानंतरची खोली
हातगाडीवरून निघून गेली.
मी वाटीत गेरू कालवला,
गच्चीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत रेघ ओढली.
पर्णिकाला सांगितलं, याच्या पलीकडे पाय टाकायचा नाही.
"अन् अलीकडे?"
"अलीकडे खेळ."

काल रात्री लाइट गेली,
संपूर्ण गल्लीची. तारा वर चरचरत होत्या.
पोरगी कुठे म्हणून वर गेले.
ती उभी होती रेघेच्या अलीकडे,
दोन्ही पाय जोडून, सांगितलं होतं तशी,
हातात कचऱ्यात टाकलेली जुनी ट्यूब,
दोन्ही टोकांना काळी पडलेली,
झेंड्यासारखी सरळ धरलेली.

आणि ट्यूब पेटली होती.
फिकी, ताकाच्या निवळीसारखी.
तिची बोटं दिसत होती त्यात, हनुवटी दिसत होती.

"आई, पाय,
मी कुठे लावलीच नाही."